आधी तिचा ड्रम

(दृश्य : पहाटेचे साडेचार. ठाणे, वागळे इस्टेटच्या मागची गल्ली. अंधारात एकेका खिडकीत दिवा लागतो.)

नळ आधी खाकरतो. मग नुसती हवा सोडतो, मग गढूळ धार, आणि मग कुठे पाणी. गल्लीतल्या बायकांना घड्याळ बघावं लागत नाही, या खाकरण्यावर त्या उठतात. मोटार, पाइप, ड्रम, कळशी, बादल्या, शेवटी कुकरचं भांडंसुद्धा. पाऊण तासात सगळं उरकायचं.

राज्यातली पहिली औद्योगिक वसाहत इथे १९६२ मध्ये उभी राहिली. कामगार आले कोकणातून, साताऱ्या-सांगलीतून, मागाहून उत्तरेतून. चाळी उठल्या, चाळींच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या. कारखाने बरेचसे गेले आणि तिथे काचेची ऑफिसं झाली. माणसं मात्र राहिली.

(दृश्य : गणेशोत्सव मंडळाची खोली. भिंतीला टेकवलेला ढोल, गेल्या गणपतीचं मखर, गुंडाळलेली सतरंजी.)

१५ जानेवारी २०२६ ला ठाणे महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधीची झाली होती फेब्रुवारी २०१७ मध्ये. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती. २०१७ साली सतरा वर्षांची असलेली मुलगी आता नोकरीला लागली, कुणाकुणाची लग्नं झाली, पण आपल्या प्रभागासाठी त्यांनी एकदाही बटण दाबलेलं नव्हतं.

२०२६ च्या निवडणुकीआधी, डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी, या खोलीत सतरंजी अंथरली गेली. बोलावणं केलं होतं एका निवृत्त शिक्षिकेनं. त्यांना सगळे बाईच म्हणतात, कारण निम्मी गल्ली त्यांच्या वर्गात शिकली आहे. पहिल्या रविवारी अकरा माणसं आली. बाईंनी एकच अट घातली. इथे पक्षाचं नाव घ्यायचं नाही, उमेदवाराचंही नाही.

ही अट का, हे ठाणेकराला सांगावं लागणार नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, त्याचे ओरखडे या शहरात घरोघरी उमटले. याच सतरंजीच्या दोन टोकांना दोन सख्खे भाऊ बसले होते. एक पहिल्या मजल्यावर राहतो, दुसरा दुसऱ्या. तीन वर्षं बोलणं बंद. धाकटा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला तो पडलाच. भाऊबीजेलाही दोघं बहिणीकडे वेगवेगळ्या वेळी जातात.

बाईंनी विचारलं, "ह्या गल्लीत तुमच्यासाठी कुणी काही केलं आणि ते तुमच्या लक्षात राहिलं, असं एक सांगा."

बराच वेळ कुणी बोलेना. मग शिवणकाम करणाऱ्या भाभी बोलल्या. माहेर उत्तर प्रदेशातलं, मराठी इथेच शिकलेल्या.

"माझं ऑपरेशन झालं होतं. बारा दिवस काही उचलायचं नाही म्हणून सांगितलेलं. पहाटे पाणी यायचं, आणि ह्या वहिनी स्वतःचा पाइप आधी माझ्या ड्रममध्ये टाकायच्या. आपला भरेल की नाही माहीत नसताना. मी दार उघडेपर्यंत झाकण लावून गेलेल्या असायच्या."

(दृश्य : वहिनींचे हात. सतरंजीच्या कडेचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळतायत.)

त्या वहिनी तिथेच बसल्या होत्या. मान वर करेनात. थोरल्या भावाची बायको. धाकटा भाऊ दुसऱ्या टोकाकडून हळूच म्हणाला, "माझापण भरलाय वहिनीनं. आमचं बोलणं बंद होतं तेव्हासुद्धा."

त्यानंतरची शांतता आम्ही चित्रफितीत कापलेली नाही. ती पूर्ण ठेवली आहे.

कुणीतरी मागून म्हणालं, "शेजारधर्म." बाईंनी तो शब्द जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिला.

मतदार जागृती म्हटलं की आपल्याकडे फलक, घोषणा आणि शाळेच्या मुलांची प्रभातफेरी. ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मे २०२४ च्या लोकसभेला ठाण्यात निम्म्याच्या जेमतेम वर मतदान झालं. "मत द्या" असं कितीही वेळा सांगितलं, तरी "कशाच्या आधारावर?" हा प्रश्न माणसाच्या पोटात तसाच राहतो. त्याचं उत्तर बाहेरून पुरवायला जावं तर तो प्रचार होतो. या खोलीत ते माणसांच्या स्वतःच्या आठवणीतून निघत होतं, म्हणून मी कॅमेरा घेऊन पुढचे रविवारही तिथे गेले.

(दृश्य : इमारतीचं आवार. नवीकोरी लादी, शेजारी उघडा नाला.)

दुसऱ्या रविवारी मात्र खडाजंगी झाली. एका सोसायटीचे चेअरमन आले होते, सरळ माणूस. म्हणाले, "बाई, हे सगळं ऐकायला छान आहे. पण निवडणुकीच्या तोंडावर आवारात लादी बसते, बिल्डिंगला रंग लागतो, गेटवर कॅमेरे लागतात. पाच वर्षांत पदरात पडतं ते एवढंच. तेही सोडायचं? मेंटेनन्स थकलाय लोकांचा."

त्यांना कुणी हसलं नाही, हसण्यासारखं काही नव्हतंच. ज्या सोसायटीकडे गळकी टाकी दुरुस्त करायला पैसे नाहीत, तिला फुकटची लादी नाकारा म्हणून सांगणं सोपं नसतं. तास गेला. कुणी म्हणालं, लादी घ्यावी आणि मत हवं तिथे द्यावं. कुणी म्हणालं, घेतल्यावर मग तोंड कसं वर करणार? मग भाभी पुन्हा बोलल्या. "लादी आपल्या दारात आहे. नाला सगळ्यांचा आहे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी लादीवरूनच घरात येतं."

चेअरमन उठून गेले नाहीत, पटलं असंही म्हणाले नाहीत. पुढच्या रविवारी आले.

त्या दिवशी बाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले. किंमत आणि मूल्य. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते की राजकारणात आपण एक व्यक्ती एक मत आणि एक मत एक मूल्य हे तत्त्व मानणार आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहणार आहे. बाई म्हणाल्या, "मताची किंमत लादीइतकी, साडीइतकी, पाकिटाइतकी. ती प्रत्येक इमारतीत वेगळी लागते. मूल्य मात्र बंगल्यातल्याचं आणि आपलं सारखंच."

मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, याचं त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं.

(दृश्य : हातानं लिहिलेला कागद, मीटरच्या खोलीत चिकटवलेला.)

चौथ्या रविवारपर्यंत माणसं तीसच्या पुढे गेली आणि एक कागद तयार झाला. मत मागायला येईल त्याला, कुठल्याही पक्षाचा असो, हेच विचारायचं. पाणी आधी कुठल्या गल्लीला, आणि का? आपल्याला मत न दिलेल्या इमारतीचं काम कराल का? खर्चाचा हिशेब इथे, या सतरंजीवर बसून सांगाल का? तुमच्या भाषणातून आमच्या दोन शेजाऱ्यांत भांडण लागेल असं काही बोलणार नाही, हा शब्द द्याल का? शेवटचा प्रश्न दोघा भावांनी मिळून सुचवला, असं म्हणायला मला आवडलं असतं. सुचवला धाकट्यानं. थोरला गप्प होता, पण कागदावर सही त्याची आहे.

कायद्याचा आधारही शोधला गेला. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरचे गुन्हे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला. ही माहिती ज्यात असते ते उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचायचं कसं, हे बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी शिकवलं. आणि गावाला जशी ग्रामसभा, तशी शहराला क्षेत्रसभा, ही तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. खोलीतल्या एकानेही ती कधी भरलेली पाहिली नव्हती.

काही गोष्टी जिवाला लागल्या. मतदार यादी १ जुलै २०२५ ची धरली गेली होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेला एक मुलगा दर रविवारी यायचा, फोनवरून सगळ्यांचं केंद्र शोधून चिठ्ठ्या लिहून द्यायचा, आणि त्याचं स्वतःचं नाव यादीत येणं शक्यच नव्हतं. कितीतरी जणांची नावं अजून गावच्या यादीत. तीस वर्षं राहतात ठाण्यात, नाव कोकणात. नाव हलवायला आठ नंबरचा फॉर्म असतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

आणि चार मतं! ठाण्यात प्रभाग ३३, नगरसेवक १३१. एक प्रभाग सोडला तर प्रत्येकात चार जागा, म्हणजे एका मतदाराने चार बटणं दाबायची. एखाद्या जागेला कुणीच पटत नसेल तर 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही' हे बटण, पण चारही जागा पुऱ्या करायच्या. बाईंनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर बटणं काढून आजीबाईंकडून सराव करून घेतला. एक आजी म्हणाल्या, "चार मतं म्हणजे एकाच्या हातून पाणी नाही आलं तर दुसऱ्याला विचारता येईल." बाई म्हणाल्या, "चौघांनाही विचारायचं, आजी."

(दृश्य : १४ जानेवारीची संध्याकाळ. खोलीत हळदीकुंकू. स्टीलच्या वाटीत तिळगूळ.)

मतदानाच्या आदल्या दिवशी संक्रांत आली. एरवी निवडणुकीच्या वर्षी हळदीकुंकू कुणाचं आणि वाण कुणाचं, हे पिशवीवरच्या फोटोवरून कळतं. या वेळी गल्लीतल्या बायकांनी दहा-दहा रुपये काढले आणि आपलं हळदीकुंकू आपण केलं. वाण म्हणून पाण्याच्या पाइपला लावायच्या क्लिपा. कल्पना वहिनींची. भाभींनी पहिल्यांदाच नऊवारी नेसली होती, नेसवली वहिनींनी.

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच रिक्षातून केंद्रावर गेल्या. कुणी कुणाला मत दिलं, हे आम्ही विचारलं नाही. त्यांनीही एकमेकींना विचारलेलं नाही.

(दृश्य : फेब्रुवारीतला रविवार. तीच खोली.)

निकाल लागले. काहींना हवे ते आले, काहींना नको ते. कागद मीटरच्या खोलीत अजून चिकटवलेला आहे, एक कोपरा फाटलाय. प्रभागाच्या चारही नगरसेवकांना बोलावणं गेलं आहे. अठरा वर्षांचा तो मुलगा शेजारच्या हॉलमधून चार खुर्च्या घेऊन आला.

बाईंनी त्याला दारातच थांबवलं.

"खुर्च्या परत ठेवून ये, बाळा. सतरंजी मोठी आहे."