सिंदबाद आणि दारातला हमाल

सभाध्यक्ष, मंडळाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

मोठे झाल्यावर जादूच्या दुनियेची ओढ संपते की केवळ तिचे रूप पालटते, याविषयी मला आज बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी सिंदबादच्या सात सफरींचा आधार घेणार आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ साली ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला प्रारंभ केला आणि बसऱ्याहून निघणारे ते गलबत मराठी घरांपर्यंत येऊन पोहोचले. आमच्या घरी सिंदबादच्या गोष्टींचे एक छोटे पुस्तक होते. त्याची सुरुवातीची पाने केव्हाच गळून गेली होती, आणि उरलेले पुस्तक माझा थोरला भाऊ मला वाचून दाखवत असे.

बेट समजून ज्याच्यावर चूल पेटवावी तो प्रचंड मासा निघावा, रुख पक्ष्याच्या पायाला पागोट्याने स्वतःला बांधून घेऊन हिऱ्यांच्या दरीत उतरावे, हे ऐकताना मला फक्त जायचे होते. परतीचा विचार मनाला शिवतही नसे. घर आपल्या जागी असणारच, याविषयी शंका घेण्याचे ते वय नव्हते. खलाशांच्या खांद्यावर बसून पायांनी गळा आवळणाऱ्या म्हाताऱ्याची मात्र भीती वाटे. आज त्या प्रसंगात मला वेगळेच काही दिसते. सिंदबादने त्याला स्वतः होऊन, दया येऊन, उचलून घेतले होते. आपखुशीने घेतलेले ओझे उतरवणे किती कठीण असते, हे दहाव्या वर्षी कळण्यासारखे नव्हते.

चाळिशी उलटल्यावर, या देशात स्थिरावून बरीच वर्षे झाल्यावर, मी ती गोष्ट प्रथमच संपूर्ण वाचली आणि गळालेल्या पानांत काय होते ते मला समजले. बगदादमध्ये उन्हाने थकलेला एक हमाल एका श्रीमंताच्या दाराशी ओझे टेकवतो आणि आपल्या दैवाला बोल लावतो. घरमालक त्याला आत बोलावतो, जेवू घालतो, रोज शंभर मोहरा देतो आणि दिवसामागून दिवस आपल्या सफरी सांगतो. हा घरमालक म्हणजे वृद्ध सिंदबाद. अरबी पाठांत त्या हमालाचे नावही सिंदबादच आहे. एक गेला आणि एक राहिला, परंतु नाव दोघांचे एकच, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

माझ्या मते, प्रौढपणी ओढ बदलते ती इथे. लहानपणी आपल्याला विचारायचे असते की तिथे काय आहे. मोठेपणी प्रश्न पडतो की हे सारे कोणाला सांगायचे. सुखात राहून सिंदबादला मागल्या यातनांचा विसर पडतो आणि तो पुन्हा निघतो, हे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सुटी संपवून निघताना आपणही नेमके तेच करतो. पण त्याच्या सफरींना अर्थ येतो तो हमाल समोर बसल्यावर.

मी निघालो आणि भाऊ गावी राहिला. आई-वडिलांची आजारपणे, शेतीचे दोन वाईट हंगाम, घराची पडलेली भिंत, हे सारे त्याने निभावले. दर भेटीत तो मला इथल्या बर्फाविषयी, रस्त्यांविषयी विचारी आणि मी तासन्‌तास सांगत राही. त्याला काही सांगायचे असेल, हे मला सुचलेच नव्हते. गेल्या दिवाळीत ओटीवर बसल्यावर त्याने नेहमीप्रमाणे विचारले, तेव्हा मी म्हणालो, “दादा, आज तू सांग.” तो संकोचला, मग वडिलांच्या शेवटच्या पावसाळ्यापासून त्याने सुरुवात केली, आणि आतून जेवणाची हाक दोनदा आली तरी आम्ही उठलो नाही.