यंत्र का चुकले, हे विचारणारा अभ्यासक्रम

उपस्थित शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालकहो,

माध्यमिक शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबोटिक्स शिकवावे की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि शाळांनी काही ठरवण्याआधीच मुलांनी ते वापरायला सुरुवात केली. प्रश्न उरतो तो नेमके काय शिकवायचे याचा, आणि तिथे आपली गल्लत होत आहे असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक ठिकाणी साहित्याची खरेदी आधी होते आणि अभ्यासक्रमाचा विचार मागाहून. मग संच येतात, चित्रे पाहून मुले ते जोडतात, गाडी धावते, प्रदर्शनात टाळ्या पडतात. पण गाडी वळली कशी, असे विचारले की मुले पुस्तिकेची पाने उलटू लागतात.

मुलांच्या हाती यंत्र देण्यामागचा मूळ विचार असा नव्हता. गणितज्ञ आणि शिक्षणविचारक सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पडद्यावर रेषा काढत फिरणाऱ्या ‘कासव’ नावाच्या खुणेला ‘इतके पुढे जा, इतके अंश वळ’ अशा आज्ञा द्यायच्या आणि त्याने काढलेली आकृती पाहायची, ही तिची ओळख बनली. समभुज त्रिकोण काढायला सांगितले की मूल हमखास ६० अंशांत वळण्याची आज्ञा देते, कारण त्या त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे त्याला पाठ असते. कासव तीन रेषा काढते आणि पडद्यावर उमटतो तो अर्धा षटकोन. वळायचे असते १२० अंश, म्हणजे बाह्यकोनाइतके. वर्गात कितीही वेळा सांगून न कळलेला बाह्यकोन त्या एका चुकीत कळतो, आणि मुख्य म्हणजे चूक कोणी दाखवून द्यावी लागत नाही.

रोबोटिक्सचे शालेय मोल मला इथेच दिसते. काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी घ्या. तिच्या पोटाशी असलेला सेन्सर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश सोडतो आणि परत आलेला मोजतो. पांढरा पृष्ठभाग तो परत पाठवतो, काळी पट्टी बराचसा शोषून घेते. आर्डुइनो उनोसारख्या, गाडी चालवणाऱ्या छोट्या संगणकीय बोर्डावर हे मोजमाप ० ते १०२३ या दरम्यानच्या आकड्यात मिळते आणि कोणत्या आकड्याला काळे म्हणायचे ते मुलांनी ठरवायचे असते. सकाळी बिनचूक धावलेली गाडी दुपारी खिडकीतून ऊन आले की भरकटते, कारण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. अशा वेळी शिक्षकाने पडदा ओढून प्रश्न मिटवू नये. सावलीत, उन्हात आणि दिव्याखाली आकडे किती येतात ते वहीत लिहून काढायला लावावे आणि मग सीमारेषा पुन्हा ठरवू द्यावी. (तयार संचांमध्ये हा आकडा आधीच बसवून देण्याची सोय असते, ती बंद ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.)

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तासालाही हीच रीत चालते. मुलांनी दोन झाडांच्या पानांची छायाचित्रे काढून संगणकाला ती ओळखायला शिकवले, पण एका झाडाची पाने टेबलावर ठेवून टिपली आणि दुसऱ्याची जमिनीवर, तर संगणक पाने सोडून टेबल आणि जमीनच ओळखू लागण्याचा संभव असतो. पानांची जागा अदलाबदल केली की बिंग फुटते. ज्या मुलांनी हे पाहिले त्यांना विदा (डेटा) पक्षपाती असू शकते हे वेगळे शिकवावे लागत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. पानांचा प्रयोग केलेल्या विद्यार्थ्याला हे आकडे ऐकून धक्का बसेल, पण कोडे पडणार नाही. एवढे मात्र पाळावे की वर्गातल्या प्रयोगांसाठी मुलांचे चेहरे किंवा आवाज गोळा करू नयेत. पाने, बटणे, हस्ताक्षरातले अंक पुरेसे आहेत.

यासाठी लागणारे गणित अवघड नाही. सरासरी, आलेख, शेकडेवारी, संभाव्यता हे सारे माध्यमिक वर्गांत असतेच. शंभर नमुन्यांपैकी पंच्याण्णव एकाच प्रकारचे असतील, तर डोळे मिटून नेहमी तेच उत्तर देणारे यंत्रही ९५ टक्के अचूक ठरते. मग या अचूकतेला अर्थ काय, या प्रश्नावर गणिताचा एक अख्खा तास सहज रंगतो.

आता परीक्षेविषयी. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेची व्याख्या लिहा’ असा प्रश्न आला की वरचे सगळे वाया जाते. निम्मे गुण तरी विद्यार्थ्याच्या नोंदवहीला असावेत: अपेक्षा काय होती, घडले काय, कारण काय वाटले आणि ते कसे तपासले. न चाललेल्या गाडीची नोंदवही उत्तम असू शकते आणि तिला पूर्ण गुण मिळायला हवेत. हे मान्य नसेल तर मुले चालणारी गाडी कुठून तरी मिळवून आणतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

हे सारे एकट्या संगणकशिक्षकावर सोपवून चालणार नाही. उन्हातल्या गाडीला विज्ञानाचा शिक्षक हवा, त्या ९५ टक्क्यांना गणिताचा, आणि यंत्राने सफाईने लिहिलेला पण चुकीचा परिच्छेद तपासायला भाषेचा व इतिहासाचा. म्हणून संच मागवण्यापूर्वी या शिक्षकांसाठी वेळापत्रकात आठवड्यातून एक सामाईक तास राखून ठेवावा आणि वर्षभराचे प्रयोग वर्गात नेण्याआधी त्यांनी ते स्वतः करून पाहावेत.