झारा, सोफा आणि सेन्सॉर

(दृश्य : जुन्या फ्रेंच पुस्तकाचं पहिलं पान. कॅमेरा सावकाश तळाच्या ओळींवर उतरतो.)

छपाईचं गाव : पेकिंग. मुद्रक : लू-शू-शू-ला, चिनी बादशहांचे परकीय भाषांसाठी नेमलेले एकमेव मुद्रक. साल : १७३४.

यातलं साल तेवढं खरं. पेकिंगबिकिंग सगळी थाप. पुस्तक फ्रेंच, लेखक पॅरिसचा आणि ज्यांची त्यात टिंगल केलीय तेही घरचेच. लेखक क्लोद क्रेबियाँ, वय २७. वडील शोकांतिका लिहिणारे नामांकित नाटककार, त्यामुळे हा जन्मभर 'धाकटे क्रेबियाँ'च राहिला.

(दृश्य : स्वयंपाकघरात टांगलेला लांब दांड्याचा झारा.)

गोष्ट म्हणे जपानी. राजपुत्र तांझाईचं लग्न ठरलंय. संकट टळायचं तर एका झाऱ्याचा दांडा आधी एका म्हातारीच्या आणि मग राज्याच्या मुख्य धर्मगुरूच्या तोंडात घालायला हवा. धर्मगुरू तोंड उघडायलाच तयार नाहीत. वाचताना हसू येतं, पण पॅरिसकर हसले ते वेगळ्याच कारणानं. १७१३ साली पोपनं जान्सेनपंथीयांविरुद्ध, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका कडक पंथाविरुद्ध, एक फतवा काढला होता आणि तो प्रत्येक पाद्र्यानं मान्य करावा म्हणून वीस वर्षं ओढाताण चालली होती. एखादी गोष्ट गळी उतरवणं म्हणजे नेमकं काय, ते क्रेबियाँनं झाऱ्यासकट दाखवलं.

यापायी क्रेबियाँचा मुक्काम हलला पॅरिसजवळच्या व्हाँसेनच्या किल्ल्यात, म्हणजे तुरुंगात. थोड्याच काळात सुटका झाली, कारण वरच्या वर्तुळात ओळखीपाळखी होत्या.

फ्रेंचमध्ये अशा लेखकांना 'लिबेर्तँ' म्हणतात. नुसतं 'स्वैराचारी' म्हटलं तर अर्थ अर्धाच येतो. मुळात हा शब्द धर्माच्या बाबतीत स्वतःच्या बुद्धीनं चालणाऱ्याला चिकटला, शयनगृह त्यात मागाहून आलं. अठराव्या शतकात दोन्ही अर्थ एकाच पुस्तकात सुखानं नांदत होते.

(दृश्य : रेशमी गादीचा सोफा. खोलीत कोणी नाही.)

१७४२. नवं पुस्तक, 'सोफा'. या वेळी छपाई गझनीला, हिंदुस्थानच्या परमदयाळू सुलतानांच्या छापखान्यात! सुलतानाच्या दरबारात अमांझेई नावाचा माणूस मागच्या जन्माची कहाणी सांगतोय. चुकांची शिक्षा म्हणून ब्रह्मदेवानं त्याला सोफ्याच्या जन्माला घातलं होतं. चौऱ्याऐंशी लक्ष योनींत सोफा कुठे बसतो, हे आपल्याकडच्या कीर्तनकारांनाही सांगता आलं नसतं. उःशाप असा : दोन कोवळे जीव आयुष्यातलं पहिलं प्रेम याच गादीवर एकमेकांना देतील, तेव्हा सुटका. तोवर या घरातून त्या घरात जायचं, बघायचं आणि गप्प राहायचं.

पहिल्याच घरात फातमे भेटते. तिच्या धर्मनिष्ठेचा गावभर लौकिक. ती एकटी खोलीत येते आणि भिंतीतलं चोरकपाट उघडून एक पुस्तक काढते. मग दुसऱ्या कपाटाकडे जाते. तिथे जाडजूड ग्रंथ येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे मांडलेले आहेत. त्यातला एक कंटाळल्या चेहऱ्यानं उचलते, दोन्ही घेऊन सोफ्यावर येते आणि चोरकपाटातलं वाचायला लागते.

मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात याच्यापेक्षा धारदार जागा नाही. कुठे शिवी नाही, उपदेश नाही. दोन कपाटं, बस्स.

गोष्ट ऐकणारा सुलतानही बघण्यासारखा आहे. कंटाळलेला, मंदबुद्धी. अमांझेई जरा विचाराचं काही बोलला की हा वैतागतो : हे राहू दे, पुढे काय झालं ते सांग. वाचकांना त्यात तेव्हाचा फ्रेंच राजा पंधरावा लुई दिसला. चावट भागासाठी भराभर पानं उलटणारा वाचकही त्यात दिसायला हरकत नाही.

शिक्षा? पॅरिसमधून हद्दपारी. काही महिन्यांत स्वारी परत.

सहा वर्षांनी तरुण दिदरो, पुढे गाजलेला फ्रेंच विचारवंत, कादंबरी लिहून याच वाटेनं गेला. आफ्रिकेतला काल्पनिक सुलतान, बायकांची गुपितं बोलायला लावणारी जादूची अंगठी, आणि छपाईचं गाव म्हणे मोनोमोटापा, आफ्रिकेतलं एक राज्य. पुढे जुलै १७४९ मध्ये तोही व्हाँसेनला पोचला. त्याचा मोठा गुन्हा मात्र आंधळ्यांविषयीचा निबंध होता, ज्यात देवाच्या अस्तित्वावरच शंका घेतली होती.

(दृश्य : दुसरं एक पुस्तक. शेवटची पानं, परवानगीचा मजकूर.)

फ्रान्समध्ये पुस्तक रीतसर छापायचं तर आधी हस्तलिखित राजाच्या सेन्सॉरकडे जायचं. सेन्सॉरचा शेरा पुस्तकातच छापत, ठरलेल्या साच्यात : माननीय चॅन्सेलरांच्या आज्ञेवरून मी हे हस्तलिखित वाचलं, छपाईला हरकत घेण्याजोगं त्यात काही आढळलं नाही. खाली सेन्सॉरचं नाव.

१७५९ साली या कामावर नवी नेमणूक झाली.

(दृश्य : टेबलावर हस्तलिखितांची चळत. एक हात वरचं बाड ओढतो, पहिलं पान उलटतो.)

धाकटे क्रेबियाँ.