गटातला पहिला आणि गटाची खरी ताकद

मंडळी, ५ जानेवारी २०२५ च्या रात्री डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या साखळी फेरीतला शेवटचा सामना झाला. डेट्रॉइट लायन्स आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज हे दोन्ही संघ प्रत्येकी १४ सामने जिंकून आणि २ हरून मैदानात उतरले होते. लायन्स ३१-९ ने जिंकले. त्यांना कॉन्फरन्सचं, म्हणजे लीगच्या आपल्या अर्ध्या भागाचं, पहिलं मानांकन, बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यात बाय (न खेळताच पुढे जाण्याची सवलत) आणि पुढचे सामने घरच्या मैदानावर मिळाले. व्हायकिंग्जना मिळालं थेट पाचवं मानांकन. १४-३ अशी कामगिरी असूनही ते १०-७ असलेल्या लॉस अँजेलिस रॅम्सचे पाहुणे झाले. वणव्यांमुळे तो सामना ॲरिझोनात हलवावा लागला, पण यजमान रॅम्सच होते, आणि व्हायकिंग्ज २७-९ ने हरले.

एका सामन्यात पहिल्यावरून पाचव्यावर कसं जाता येतं? कारण लायन्स आणि व्हायकिंग्ज एकाच डिव्हिजनमध्ये, म्हणजे एकाच गटात आहेत. २००२ पासून एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. त्यांच्या एनएफसी आणि एएफसी अशा दोन कॉन्फरन्स आहेत आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार-चार संघांच्या चार डिव्हिजन: नॉर्थ, साउथ, ईस्ट आणि वेस्ट. डिव्हिजनच्या विजेत्यांना १ ते ४ ही मानांकनं राखीव असतात, आणि उरलेल्यांमधले सर्वोत्तम तीन संघ वाइल्ड कार्डवर येऊन ५ ते ७ घेतात. डिव्हिजनमध्ये दुसरा आलेला संघ कितीही जिंकला तरी पाचव्याच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या आयपीएलमध्ये २०२२ पासून पाच-पाच संघांचे दोन गट आहेत, पण ते फक्त कोण कोणाशी दोनदा खेळणार हे ठरवण्यापुरते, गुणतक्ता एकच. एनएफएलमध्ये गटाचा तक्ता हाच खरा तक्ता, म्हणून कोणती डिव्हिजन कठीण आणि कोणती सोपी या प्रश्नाला तिथे फार मोल आहे.

तो प्रश्न सोडवताना बहुतेक जण चारही संघांचे विजय-पराभव जोडतात आणि बेरजांची तुलना करतात. इथेच पहिली चूक होते. डिव्हिजनमधला प्रत्येक संघ बाकीच्या तिघांशी दोनदा खेळतो, म्हणजे आपसातले १२ सामने. त्यांत कोणीही जिंको, गटाच्या खात्यात १२ विजय आणि १२ पराभव पडणारच. हे सामने गटाच्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाहीत, म्हणून ते आधी वजा करायचे. चार संघांचे १७ प्रमाणे ६८ निकाल, त्यातून २४ गेले की उरतात ४४. गटाची परीक्षा या ४४ मध्ये होते.

२०२४ ची एनएफसी नॉर्थ घेऊ. लायन्स १५-२, व्हायकिंग्ज १४-३, पॅकर्स ११-६, बेअर्स ५-१२. बेरीज ४५-२३, आणि आपसातले १२-१२ काढले की बाहेरची कामगिरी ३३-११. याउलट २०२० ची एनएफसी ईस्ट पाहा. तेव्हा हंगाम १६ सामन्यांचा होता. वॉशिंग्टन ७-९, जायंट्स ६-१०, काउबॉइज ६-१०, ईगल्स ४-११-१ (तिसरा आकडा बरोबरीचा). बेरीज २३-४०-१, आपसातले काढले की बाहेर ११-२८-१. तरीही वॉशिंग्टनला चौथं मानांकन आणि घरचा सामना मिळाला.

पण इथेही थांबता येत नाही, कारण ४४ सामने कोणाविरुद्ध होते हे पाहायलाच हवं. एनएफएलचं वेळापत्रक असं बनतं: ६ सामने आपल्या डिव्हिजनमध्ये, ४ आपल्याच कॉन्फरन्सच्या एका डिव्हिजनशी, जी दर वर्षी बदलते आणि तीन वर्षांनी फिरून येते, ४ दुसऱ्या कॉन्फरन्सच्या एका डिव्हिजनशी, तिचं चक्र चार वर्षांचं, २ आपल्या कॉन्फरन्सच्या उरलेल्या दोन डिव्हिजनमध्ये गेल्या वर्षी आपल्याच क्रमांकावर आलेल्या संघांशी, आणि २०२१ पासून सतरावा सामना दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या तशाच समक्रमांकाच्या संघाशी. म्हणजे एका डिव्हिजनच्या चारही संघांचे फक्त तीन-तीन सामने वेगळे असतात, बाकीच्या १४ सामन्यांची मांडणी सारखीच. डिव्हिजनच्या आत तुलना करायला ही पद्धत फार न्याय्य आहे. दोन डिव्हिजनची तुलना करताना मात्र तीच अडचणीची ठरते, कारण एका वर्षी अख्ख्या गटाच्या वाट्याला अख्खा दुबळा गट येऊ शकतो.

२०२४ मध्ये एनएफसी नॉर्थच्या वाट्याला एएफसी साउथ आली. टेक्सन्स १०-७, कोल्ट्स ८-९, जॅग्वार्स ४-१३, टायटन्स ३-१४. लायन्स, व्हायकिंग्ज आणि पॅकर्स या तिघांनीही त्यांच्याविरुद्ध चारपैकी चार जिंकले, बेअर्सनी दोन. एकूण १४-२. ते काढले की ३३-११ चे होतात १९-९. गट चांगलाच होता, पण आधीच्या आकड्यावरून वाटत होता तितका अजिंक्य नव्हता. उलट बाजूही तपासा: एएफसी साउथची बाहेरची कामगिरी १३-३१, आणि नॉर्थविरुद्धचे सामने काढले की ११-१७. नॉर्थचा आकडा साउथमुळे फुगला होता आणि साउथचा नॉर्थमुळे खचला होता. २०२० च्या एनएफसी ईस्टच्या वाट्याला तर एएफसी नॉर्थ आणि एनएफसी वेस्ट असे दोन दमदार गट एकाच वर्षी आले होते, हेही त्या ११-२८-१ कडे बघताना ध्यानात ठेवा.

बेसबॉलमध्ये आकडे मोठे, म्हणून अंदाज जास्त भरवशाचा. मेजर लीगमध्ये ३० संघ, अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीगमध्ये मिळून पाच-पाचच्या सहा डिव्हिजन, प्रत्येक संघाचे १६२ सामने. २०२२ पर्यंत गटातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १९ सामने, म्हणजे हंगामातले ७६ सामने गटातच. २०२३ पासून १९ चे १३ झाले आणि प्रत्येक संघ बाकीच्या २९ संघांशी दर वर्षी खेळू लागला. २०२३ च्या अमेरिकन लीग ईस्टच्या विजयांची बेरीज करा: ओरिओल्स १०१, रेज ९९, ब्लू जेज ८९, यांकीज ८२, रेड सॉक्स ७८. एकूण ४४९-३६१. आपसातले १३०-१३० वजा केले की ३१९-२३१, म्हणजे ५८ टक्के. पाच संघांच्या सरासरीला हे फार मोठं यश आहे. रेजनी ९९ जिंकूनही वाइल्ड कार्डच घेतलं, आणि त्याच लीगच्या सेंट्रलमध्ये ट्विन्स ८७ विजयांवर गटविजेते झाले.

२०१५ ची नॅशनल लीग सेंट्रल वेगळी होती. कार्डिनल्स १००, पायरेट्स ९८, कब्ज ९७: संपूर्ण बेसबॉलमधले पहिले तीन संघ एकाच गटात. पण खाली ब्रुअर्स ६८ आणि रेड्स ६४. बाहेरची कामगिरी २३७-१९३, फक्त ५५ टक्के. गट ‘कठीण’ म्हणजे सरासरी वरची की शिखर उंच, हे आधी ठरवावं लागतं. पायरेट्सच्या दृष्टीने शिखरच महत्त्वाचं होतं. ९८ विजयांनंतर त्यांच्या हाती एकच वाइल्ड कार्ड सामना आला, तो ते कब्जकडून ४-० ने हरले. तरीही १९९३ पेक्षा हे बरं. तेव्हा वाइल्ड कार्ड नव्हतं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स १०३ सामने जिंकून घरी बसले, कारण त्यांच्याच नॅशनल लीग वेस्टमध्ये अटलांटा १०४ जिंकला होता. अटलांटा देशाच्या कोणत्या टोकाला आहे ते नकाशात पाहा, म्हणजे गटांच्या सीमा किती मानवी आहेत ते कळेल.

बास्केटबॉलच्या एनबीएने गटविजेत्यांच्या राखीव मानांकनांचा हा प्रश्न जवळजवळ मिटवला. २००६ मध्ये डॅलस ६० विजयांसह चौथ्या मानांकनावर आणि डेन्व्हर ४४ विजयांसह, पण गटविजेता म्हणून, तिसऱ्यावर होतं. २०१५-१६ पासून मानांकन फक्त कामगिरीवर ठरतं. डिव्हिजन उरली ती वेळापत्रकात आणि बरोबरी सोडवण्यापुरती.

आइस हॉकीत मात्र आपली वजाबाकी चालत नाही, आणि ती करून फसणारे बरेच आहेत. एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये सामना जादा वेळेत गेला तर जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. म्हणजे आपसातल्या सामन्यातून गटाच्या खात्यात कधी दोन गुण जमा होतात, कधी तीन. तिथे गटाबाहेरच्या सामन्यांचे गुण एकेक करून मोजावे लागतात, आणि शक्य तर नियमित वेळेतलेच विजय धरावेत.

माझं मत स्पष्ट आहे. गटविजेत्याला बाद फेरीत जागा जरूर द्यावी, कारण त्यामुळेच गटातल्या सामन्यांना धार येते. घरचं मैदान मात्र कामगिरीवर द्यावं. एनएफएलच्या २०१० च्या हंगामात ७-९ असलेल्या सिअ‍ॅटलने ११-५ असलेल्या न्यू ऑर्लिन्सला ४१-३६ ने हरवलं, ते सिअ‍ॅटलच्या मैदानावर. डेट्रॉइट लायन्सनी २०२५ मध्ये लीगपुढे मानांकन कामगिरीवर ठरवण्याचा प्रस्ताव ठेवला होता. या रचनेचा फायदा ज्यांना नुकताच मिळाला होता, त्यांनीच तो ठेवला. पुढे तो मागे घेण्यात आला.