फॉर्मवरचा खेळाडू

सांगलीतल्या एका कॉलेजचा जिमखाना. कॅरमबोर्डला लागून टेबल, टेबलावर कबड्डी संघाचे एलिजिबिलिटी फॉर्म. प्रत्येकाला दहावीचं प्रमाणपत्र, बारावीचं गुणपत्रक, यंदाची फीची पावती जोडलेली. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. सर एक फॉर्म बाजूला काढतात. "टोपी घालून फोटो काढलायस होय रे? जा, दुसरा आण."

सातारा, सांगली, कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे. आधी झोनल, मग इंटरझोनल, त्यातून विद्यापीठाचा संघ. पुढं आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथं नियम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचे. 1 जुलैला वय 17 ते 25. बारावी होऊन आठ वर्षांच्या वर झालेली नकोत. कोर्स पूर्णवेळ हवा, बहिःस्थ चालत नाही. आणि पूर्णवेळ नोकरी नको. या शेवटच्या अटीत आपली पोरं हमखास सापडतात. सकाळी मैदान, संध्याकाळी भरतीचा सराव. पोलिसात नाव लागलं की घरी पेढे आणि संघात एक रेडर कमी.

मार्कांचं काय? फॉर्मवर त्याला रकानाच नाही. विषय राहिलेत, एटीकेटीवर वर्ष पुढं सरकलंय, तरी पोरगा मॅटवर उतरतो.

अमेरिकेत एनसीएए, म्हणजे कॉलेजांमधले खेळ चालवणारी तिथली संघटना, असं चालू देत नाही. पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायचं तर हायस्कूलचे 16 मुख्य कोर्स आणि त्यांत किमान 2.3 ची ग्रेड सरासरी. कॉलेजात दुसरं वर्ष संपताना पदवीचा 40 टक्के अभ्यासक्रम पूर्ण हवा, तिसरं संपताना 60, चौथं संपताना 80. ऐकायला झकास. पण तिथल्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 18 वर्षं असे कोर्स चालले, ज्यांचे तासच होत नव्हते. एक निबंध द्यायचा, मार्क घ्यायचे. 2014 च्या चौकशी अहवालात 3,100 वर विद्यार्थी निघाले, जवळपास निम्मे खेळाडू. 2017 मध्ये एनसीएएनं हात वर केले: कोर्स इतरांनाही खुले होते, म्हणे.

त्यामुळं मार्कांची अट इकडं आणा, असं काही मी म्हणणार नाही. अट आली की मार्क 'पाडून' द्यायची सोयही येईल, आपण त्यात कच्चे नाही. मला खटकतं ते वेगळंच. पोरगा कॅम्पला आणि स्पर्धेला गेला की इंटर्नल बुडते, प्रॅक्टिकल बुडतं, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली येते. परत आल्यावर एखादे सर सांभाळून घेतात. एखादे विचारतात, "खेळायला जा म्हणून सांगितलं कुणी होतं?" विद्यापीठाचं नाव छातीवर लावून गेलेल्या पोराला हे विचारलं जातं!

म्हणून जिमखान्याचे सर फॉर्म संपले की दुसरा कागद ओढतात. विभागप्रमुखांना अर्ज: अमुक खेळाडू, अमुक तारखा, चाचणी परत घ्यावी ही विनंती. खेळाडू तो स्वतः घेऊन केबिनीकेबिनीत फिरतो. फिजिक्सची सही झाली आहे. केमिस्ट्रीचे सर अजून भेटलेले नाहीत.