नापास प्रबंधातले दख्खनचे दगड

रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ब्रिटनमधल्या भूभौतिकीच्या सर्वोत्तम पीएच.डी. प्रबंधाला दरवर्षी कीथ रंकॉर्न पारितोषिक देते. रक्कम १,००० पौंड. गंमत अशी, की याच भूभौतिकशास्त्रज्ञ रंकॉर्न यांच्या हाताखाली केंब्रिजला काम करणाऱ्या टेड आयर्विंग यांचा प्रबंध १९५४ मध्ये नापास झाला. खडकांतल्या चुंबकत्वाचा विषय इतका नवा, की परीक्षकांनाच त्याची पुरेशी ओळख नव्हती. आयर्विंग यांच्या त्या कामात आपले दगडही होते. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांच्या खटपटीने दख्खनच्या बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, मूठभर नमुने केंब्रिजला पोचले होते. भारत पूर्वी कुठे होता, हे या दगडांतलं चुंबकत्व सांगतं. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

लाव्हा निवताना ५८० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला, की त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजात पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते. ती वाचायची कशी? हिरेजडित कडेच्या पोकळ ड्रिलने, पाणी सोडत, साधारण २५ मिलिमीटर व्यासाचा कोअर, म्हणजे दगडाची दंडगोल कांडी, कापायचा. तो खडकातून सुटण्याआधीच त्याचा कल आणि दिशा मोजायची आणि अंगावर खूण ओढायची. कोअर आतच तुटून फिरला, तर फेकून द्या. बेसॉल्ट स्वतःच होकायंत्राची सुई ओढतो, म्हणून सोबत सूर्य-होकायंत्र लागतं: काडीची सावली, घड्याळातली वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश. आषाढात सह्याद्रीवर ते निरुपयोगी, हे सांगायला नको! डोंगरमाथ्यावरचा नमुनाही टाळलेला बरा. वीज पडली, की जुनी नोंद पुसली जाते. घाटातलं ताजं कटिंग सगळ्यात चांगलं.

प्रयोगशाळेत नमुना शून्य क्षेत्रात टप्प्याटप्प्याने तापवून निववतात, आणि दर टप्प्याला मोजतात. अलीकडच्या क्षेत्राने चढवलेलं पूट सहसा आधी उतरतं. शेवटची उरलेली दिशा आलेखावर सरळ शून्याकडे यायला हवी. रेघ वाकली तर दोन नोंदी एकमेकींत मिसळल्या आहेत, असं समजायचं. आयर्विंग यांच्या वेळी ही साफसफाई रुळलेली नव्हती. शिवाय एक लाव्हाथर म्हणजे एकच क्षण, आणि क्षेत्र तर शतकागणिक डोलत असतं. त्यामुळे बऱ्याच थरांची सरासरी हवी. गोलावरच्या दिशांची सरासरी आणि तिची खात्री किती, हे गणित फिशर यांनी १९५३ मध्ये छापलं.

आता लाव्हा निवला तेव्हा ही जागा कोणत्या अक्षांशावर होती, याचा हिशोब करू. चुंबकीय दिशा आडव्या पातळीशी जितकी झुकते, तो नतिकोन. टॅन (नतिकोन) = २ × टॅन (अक्षांश). पश्चिम घाटातल्या उलट ध्रुवतेच्या (क्षेत्राची दिशा आजच्या उलट असतानाच्या) थरांत गोठलेल्या दिशेचा बाण दक्षिण-आग्नेयेकडे आणि सुमारे ४५ अंश खाली झुकलेला असतो. उलट क्षेत्रात बाण खाली झुकतो तो दक्षिण गोलार्धात. टॅन ४५ म्हणजे १, त्याचा अर्धा ०.५, म्हणून अक्षांश सुमारे २६.६ दक्षिण. मुंबई आज १९ उत्तरेला. फरक ४५ अंशांहून थोडा जास्त, एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे ५,००० किलोमीटर. हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, तेवढ्या वर्षांनी भागा: वर्षाला साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. बाण नेमका दक्षिणेकडे नसून पूर्वेकडे कललेला, कारण भारत घड्याळाच्या उलट दिशेने वळलाही.

रंकॉर्न स्वतः तेव्हा खंड सरकतात असं मानत नव्हते. ध्रुव भटकतो, एवढंच त्यांना मान्य होतं. १९५६ च्या सुमारास त्यांनी मत बदललं. आयर्विंग तोवर ऑस्ट्रेलियात कामाला लागले होते. केंब्रिजने त्यांना एससी.डी. (डॉक्टर ऑफ सायन्स) दिली ती १९६५ मध्ये.