लखलखता अंधार

श्रोतेहो, नमस्कार.

अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसच्या शेजारी एक उघडाबोडका खडक आहे, अरिओपागस. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात संत पौल तिथे बोलायला उभा राहतो. तुमच्या शहरात 'अज्ञात देवाला' वाहिलेली एक वेदी मी पाहिली, ज्याला तुम्ही न ओळखता भजता त्याच्याविषयीच सांगायला आलोय, असं तो म्हणतो. काही जण टिंगल करतात, काही 'पुन्हा कधी तरी ऐकू' म्हणून निघून जातात. मोजकेच विश्वास ठेवतात, आणि त्यांत डायोनिसियस नावाचा, या खडकाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्यायसभेचा एक सभासद असतो. त्याच्याविषयी बायबलमध्ये एवढंच आहे.

पुढे जवळजवळ साडेचारशे वर्षांनी, बहुधा सिरियात, कुणीतरी ग्रीक भाषेत चार ग्रंथ आणि दहा पत्रं लिहिली आणि लेखक म्हणून नाव घातलं त्या डायोनिसियसचं. खरा लेखक कोण, हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही.

संशय लगेच आला होता. 532 साली कॉन्स्टँटिनोपलला ख्रिस्ती धर्मपंडितांचा वाद झाला. एका पक्षाने या ग्रंथांचा दाखला दिला, तेव्हा इफिसचे बिशप हिपाशियस यांनी विचारलं, हे एवढं जुनं लिखाण असेल तर अथनेशियस आणि सिरिल यांच्यासारख्या आधीच्या थोर धर्माचार्यांना ते ठाऊक कसं नव्हतं? प्रश्न बिनतोड होता. तरीही ग्रंथ टिकले, आणि प्रेषितांच्या शिष्याचे म्हणून जवळजवळ हजार वर्षं पूजले गेले. 827 साली बायझँटाईन सम्राटाने त्यांची हस्तलिखित प्रत फ्रँकांच्या राजाला भेट म्हणून पाठवली, आणि तिथून ते लॅटिनमध्ये उतरले. पंधराव्या शतकात इटालियन पंडित लोरेन्झो व्हाला यांनी शंका पुन्हा उकरून काढली. अखेर 1895 मध्ये दोन जर्मन अभ्यासकांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, दाखवून दिलं की दुष्टपणाविषयीची या ग्रंथांतली पानंच्या पानं प्रोक्लसवरून घेतलेली आहेत.

हा प्रोक्लस ख्रिस्ती नव्हता. प्लेटोच्या परंपरेचा हा अथेन्समधला आचार्य जुन्या देवांची मनोभावे पूजा करी. 485 साली तो वारला. त्याची शिकवण अशी की सगळं मुळाशी असलेल्या त्या 'एका'त असतं, त्यातून बाहेर पडतं आणि त्याच्याकडेच परततं. 529 मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवायला बंदी केली, आणि तिथले सात तत्त्वज्ञ इराणच्या बादशहाच्या आश्रयाला गेले. ज्या विचाराचं दार अथेन्समध्ये बंद झालं, तोच विचार या अनामिकाच्या लेखणीतून चर्चच्या गाभाऱ्यात जाऊन बसला होता. प्रोक्लसच्या देवांच्या जागी इथे देवदूतांच्या नऊ श्रेणी आल्या. 'हायरार्की' हा शब्दसुद्धा याच लेखकाने घडवला. आज तो कचेरीतल्या वरिष्ठ-कनिष्ठांच्या उतरंडीसाठी वापरतात. त्याला अभिप्रेत होतं ते वेगळंच: वरच्याने मिळालेला प्रकाश खालच्याला द्यायचा आणि त्याला हात देऊन देवाकडे वर न्यायचं.

या माणसाला बनावट लेखक म्हणून मोडीत काढतात, ते मला पटत नाही. अज्ञात देवाविषयी पौलाने सुरू केलेलं बोलणं पुढे न्यायचं, तर ते ऐकून उठलेल्या पहिल्या माणसाच्या नावाने लिहावं, यात मला लबाडीपेक्षा निष्ठा जास्त दिसते.

त्याचं सर्वांत छोटं पुस्तक म्हणजे 'मिस्टिकल थिऑलॉजी'. अवघे पाच लहान अध्याय. मूळ ग्रीक 'मिस्टिकॉस' म्हणजे झाकलेलं, आणि आपला 'गूढ' शब्दही 'लपवणे' या अर्थाच्या धातूवरूनच आलेला. पहिल्या अध्यायात मोशे सिनाय डोंगर चढतो. आधी शुद्ध होतो, मग कर्णे ऐकतो, दिवे पाहतो, आणि शेवटी पाहणं-ऐकणं सगळं मागे टाकून न-जाणण्याच्या अंधारात शिरतो. हा अंधार प्रकाशाच्या अभावाचा नाही. प्रकाश इतका की डोळे दिपावेत, म्हणून लेखक त्याला लखलखता अंधार म्हणतो.

दुसऱ्या अध्यायातला मूर्तिकार मला फार आवडतो. तो दगडाला काही जोडत नाही. मूर्तीला झाकणारं तेवढं काढत जातो, आणि आत दडलेलं रूप आपोआप प्रकट होतं. देवाविषयी 'असा नाही, असा नाही' म्हणणं हे या छिन्नीचं काम आहे. श्रोत्यांना इथे उपनिषदातलं 'नेति नेति' आठवेल आणि आठवावंच. फक्त एवढं ध्यानात असू द्या की हा माणूस बाप्तिस्मा, प्रभुभोजन, सुगंधी तेलाचा विधी यांत मुरलेला होता. त्याचं 'नाही' प्रार्थनेतून उमटलेलं आहे.

डोंगर चढावा तसे शब्द कमी होत जातात, असं तो तिसऱ्या अध्यायात म्हणतो, आणि लिहितोही तसंच. चौथ्यात तो देवाकडून शरीर, आकार, स्थान काढून घेतो. पाचव्यात मन, बुद्धी, संख्या, काळ. मग देवाला पिता आणि पुत्र म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या काळजाला हात घालणारं वाक्य येतं: देव पितृत्वही नाही, पुत्रत्वही नाही. तो अंधार नाही आणि प्रकाशही नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो, कारण ज्या अंधारासाठी एवढा डोंगर चढलो, तोही त्याने काढून घेतला होता.

शेवटच्या ओळींत छिन्नी स्वतःवरच चालते. देवाविषयी 'आहे' म्हणता येत नाही, तसं 'नाही'ही म्हणता येत नाही, कारण तो दोहोंच्या पलीकडे आहे. एवढं लिहून पुस्तक संपतं.

नमस्कार.